हडकुळ्या जोडीवरची पैज
संक्रांतीचा दुसरा दिवस, पैज पाचशेची, साक्षीला बायको आणि समोर मेव्हणा. सरकीच्या ढेपेचा वास आला की मूल गावाजवळचा तो शंकरपट, बैलजोड्यांची ती शर्यत, आठवतो. मेव्हण्यासकट सारे सरपंचाच्या धष्टपुष्ट बैलांवर पैसे लावत होते. मी सकाळपासून प्रत्येक जोडीचे सेकंद टिपले होते. कुरखेड्याच्या एका बाईंची हडकुळी जोडी भुसभुशीत धावपट्टीवरूनही सरपंचाच्या जोडीपेक्षा अर्धाच सेकंद मागे होती, आणि शेवटच्या फेरीत दोघांच्या पट्ट्या बदलणार होत्या. “भाऊजी, बैल सोडून कागद काऊन पाहून राह्यले?” मेव्हणा हसला. मी त्या हडकुळ्या जोडीवरच पैसे लावले. जोडी पुढे निघालीही, पण कोणीतरी फटाका फोडला आणि डावा बैल बिचकला. “राहू द्या पैसे, फटाक्यानं झालं,” मेव्हणा म्हणाला. “हरलो ना, घे. पण कागद बरोबर होता,” मी म्हणालो. आजही मी त्याच जोडीवर लावीन. पाचशे मेव्हण्याला दिले आणि दोनशे त्या बाईंना, बैलांच्या ढेपेसाठी.