बुधवारी कोणीच गेलं नाही

शिवताना तिच्या ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढून ती जे बोले तेही जरा टोचतच असे. म्हणून चर्चमधल्या बायकांनी तिचं नाव टाचणी पाडलं होतं. तोंडावर सगळ्या ताई म्हणत. महिला मंडळाची सेक्रेटरी व्हायची तिला मुळीच हौस नव्हती. एका मीटिंगला ती उशिरा पोचली, तोवर तिची निवड होऊन गेली होती.

मंडळात उघड उघड दोन तट होते. एक गाणाऱ्या बायकांचा, दुसरा हॉलमागचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांचा. गाणाऱ्यांची पुढारी आणि स्वयंपाकघराची पुढारी नात्यानं नणंद-भावजय. हॉलमधल्या लोखंडी कपाटात गाण्याच्या वह्या ठेवायच्या की कपबश्या, यावरून दोघींचं बोलणं बंद झालं, त्याला चार वर्षं झाली होती. एकाच बाकावर बसूनही एकमेकींना निरोप द्यायच्या त्या टाचणीमार्फत.

चर्चच्या भिंतीला लागून तीन मजली इमारत होती. तिथल्या रहिवाशांशीही फारसं सख्य नव्हतं. गाण्याच्या सरावाचा त्रास होतो म्हणून त्यांनी लेखी तक्रार केली होती, आणि त्यावर पहिली सही होती पहिल्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची. शाळेतून निवृत्त होऊनही त्यांचं लाल पेन सुटलं नव्हतं. तक्रार आल्यावर चर्चच्या कमिटीनं भिंतीतल्या छोट्या फाटकाला कुलूप ठोकलं. इमारतीतले लोक त्या फाटकातून बसथांब्यावर जायचे. आता त्यांना पूर्ण वळसा पडू लागला.

एक दिवस मास्तरीणबाईंची मुलगी चार गाऊन घेऊन टाचणीच्या शिवणकामाच्या दुकानात आली.

"आईचं खुब्याचं हाड मोडलंय," ती म्हणाली. "गाऊन डोक्यातून घालता येत नाही. बाजूनं उघडून नाड्या लावून द्याल?"

टाचणीनं शिवण उसवून पाहिली. "दिवसा जवळ कोण असतं?"

"मी तिकीट खिडकीवर असते. नऊला निघते, तीनला येते. पाणी उशाशी ठेवून जाते." एवढं बोलून तिनं मान खाली घातली.

गाऊन द्यायला टाचणी स्वतःच गेली. पाण्याचा तांब्या उशाशी होता खरा, पण हात पोचत नव्हता. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती. टाचणीनं एकटीनं प्रयत्न केला, तेव्हा मास्तरीणबाईंनी ओठ आवळून घेतले आणि त्या पांढऱ्या पडल्या.

रविवारच्या उपासनेत टाचणीनं त्यांच्यासाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मग तिनं आठवड्याच्या पाळ्यांचा कागद भिंतीवर लावला. रोज अकरा ते एक, दोघी दोघी. गाणाऱ्या बायका कुरकुरल्या. "आमच्याविरुद्ध तक्रार करणारीची सेवा आम्हीच करायची?" इमारतीत तळमजल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहत. त्यांच्याकडे ती शुक्रवारची पाळी मागायला गेली, तर त्या म्हणाल्या, "आधी फाटक उघडा, मग बोलू." टाचणी घाम पुसत परत आली. बुधवारसाठी मात्र तिनं मुद्दाम नणंद आणि भावजय यांची नावं एकत्र लिहिली. तेवढीच बोलायला सुरुवात होईल, असं तिच्या मनात होतं.

सोमवार, मंगळवार ठीक गेले. बुधवारी भावजय येणार म्हणून नणंद गेली नाही. नणंद येणार म्हणून भावजय गेली नाही. दुसरी जाईलच, असं दोघींनीही धरलं होतं.

तीन वाजता मुलगी घरी आली, तेव्हा आई सकाळपासून ओल्या चादरीवर तशीच पडून होती. संध्याकाळी ती दुकानात आली. आवाज चढवला नाही. "उद्यापासून कोणाला पाठवू नका," म्हणाली. "येणार म्हटलं की आई दाराकडे बघत राहते."

टाचणीला मशीन चालवता येईना. दोनदा दोरा तुटला. नवरा म्हणाला, "तू कशाला जीव जाळतेस? करतील त्या नाहीतर नाही करणार."

शनिवारी मीटिंगमध्ये ती उभी राहिली. टाचण्या तोंडात नव्हत्या, तरी शब्द अडत होते. "रविवारी आमेन म्हणताना सगळ्यांचा आवाज खणखणीत होता. बुधवारी तो कुठं गेला होता? एक म्हातारी बाई आपल्या भरवशावर सहा तास ओली पडून राहिली. आपल्या भरवशावर."

कोणी वर पाहिलं नाही. मग मागून एकीनं विचारलं, "ताई, त्या कपाटाच्या किल्लीचं काय ठरलं?"

टाचणीनं वही मिटली आणि घरी निघून आली.

पुढच्या बुधवारी दुकान बंद करून ती स्वतःच मास्तरीणबाईंकडे माफी मागायला गेली. दार भावजयीनं उघडलं. तिचं तोंड फुगलेलं होतं. "कोणी सांगितलं म्हणून आले नाहीये," ती म्हणाली. दहा मिनिटांत नणंदही जिना चढून आली. भावजयीला बघून वळली, तेवढ्यात आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला.

"दारात कोण ते? आत या. मला वळवायचंय."

दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. पाठीखाली दुमडून घातलेल्या चादरीची टोकं धरली. "मी तीन म्हटल्यावर," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एक, दोन, तीन." त्या नीट वळल्या. जरा दम खाऊन म्हणाल्या, "तुमच्यातली एक बाई तिसऱ्या कडव्यात सूर सोडते. चार वर्षं ऐकतेय."

"माहितेय मला," नणंद म्हणाली.

"स्वयंपाकघरातही ऐकू येतं," भावजय चादरीकडे बघत म्हणाली.

त्यापुढे दोघी बोलल्या नाहीत. पण बुधवार चुकवला नाही.

फाटकासाठी टाचणीनं तीन अर्ज दिले. दर वेळी 'विषय पुढील बैठकीत' असं उत्तर आलं. शेवटी तिनं राखणदाराकडून किल्ली घेऊन कुलूप काढलं आणि किल्ली आपल्या गल्ल्यात टाकली. कमिटीनं जाब विचारला, तेव्हा, "माझी लिहून घ्या चूक," म्हणाली. कोणी लिहून घेतली नाही, कुलूपही परत लागलं नाही.

तीन महिन्यांनी मास्तरीणबाई वॉकर धरून चालू लागल्या. मंडळाच्या वार्षिक अहवालात 'शेजाऱ्यांशी ऐक्य' असा परिच्छेद छापून आला. सोबत फोटो होता. त्यात पाळकसाहेब होते, एकदाही तो जिना न चढलेल्या अध्यक्षबाई होत्या, आणि कडेला टाचणीचं कोपर. तिनं सेक्रेटरीपद सोडलं. राहा म्हणून कोणी आग्रहही केला नाही. ते तिला लागलं, आणि लागलं याचा रागही आला.

त्याच आठवड्यात गाणाऱ्या गटातल्या एकीचे वडील न्हाणीघरात पडले. टाचणी पाळ्यांचा नवा कागद आखत बसली होती. फाटकातून तळमजल्यावरच्या बँकवाल्या बाई थेट दुकानात आल्या.

"शुक्रवार मला द्या," त्या म्हणाल्या. "पण त्या नणंद-भावजयींपैकी कोणी सोबत नको हं. मला तो ताण झेपत नाही."

टाचणीनं कपाळाला हात लावला. मग कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"नाव लिहा," ती म्हणाली. "सोबत कोण ते मी ठरवणार. आणि नुसतं नाव नको, या."