शेजारणीचा पाळणा

चौसाळ्यात आमच्या भिंतीला लागून राहणारी शेजारीण बारशाचे पाळणे रचायची. बाळाचं नाव ठरलं की हातातलं काम खाली ठेवून ती उंबऱ्यात नुसती बसायची. कुणी काही विचारलं तर फक्त मान हलवायची. “हात चालू असले की गाणं येत न्हाई, ताई,” म्हणायची. मला तिच्या त्या बसण्याचा हेवा वाटे.

माझ्या नातीचं बारसं होतं, नेमकी त्याच सकाळी तिची ऊसतोडीची गाडी निघाली. बिऱ्हाड गाडीत चढलं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, नवरा हाका मारत होता, तरी ती माझ्या उंबऱ्यात डोळे मिटून बसून राहिली. शेवटी उठली.

“न्हाई आलं, ताई.”

“मग एखादा जुनाच सांग ना.”

“दुसऱ्या लेकराचा हिला कसा द्यायचा?” तिने नातीचे तळवे गालाला लावले आणि गेली. बारशाला बायकांनी नेहमीचाच पाळणा म्हटला.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मीही उंबऱ्यात बसून पाहिलं. सुचायचं काहीच नाही, फक्त तिची आठवण यायची.

थंडीत एका दुपारी तिचा फोन आला. “आज कारखाना बंद हाय, ताई. लई दिसांनी नुसती बसले. लेकराला जवळ घ्या.”

मी फोन नातीच्या कानाशी धरला. तिकडून नातीचं नाव गुंफलेला, अगदी नवा पाळणा आला. गाणं संपलं, तरी कितीतरी वेळ आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही.