खुर्चीची राखण

तो आमच्या चाकणच्या कंपनीत स्टोअरला आहे. व्हीलचेअर वापरतो, पण एका जागी दोन मिनिटं दिसेल तर शपथ. बोलतानाही चाकं पुढेमागे करत राहतो आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत निघालेला असतो. त्याच्याशी बोलायचं म्हणजे मागे धावायचं.

कंपनीच्या यंदाच्या उत्कृष्ट कामगार बक्षिसासाठी त्याची इंग्रजीतून ओळख मी लिहिली. ‘व्हीलचेअर-बाउंड असूनही...’ सगळे असंच लिहितात. शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये त्याला मोबाइलवर दाखवली.

“मला खुर्चीला जखडलंय होय, राव?”

“एवढा अर्थ कोण काढतंय रे!”

“बरं.” हाताच्या जोरावर तो खुर्चीतून आपल्या जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर सरकला. “निघोज्याला जाऊन आलोच. तेवढी खुर्ची सांभाळ.”

गेलासुद्धा. मी मोबाइल काढून ते शब्द खोडले, ‘व्हीलचेअर वापरतात’ एवढंच लिहिलं. ‘असूनही’सुद्धा काढलं. तेवढ्यात कंपनीची बस आली, माझ्यासाठी हॉर्न वाजवत थांबली आणि निघून गेली. खुर्ची टाकून जाववेना. अख्ख्या पार्किंगमध्ये खुर्चीला जखडलेला मी एकटाच होतो.