जीपची खांदमळणी

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी जो घोटाळा झाला तो माझ्या रागामुळे झाला आणि मिस्त्रीचाचाचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

आमचं गाव किन्हीराजाच्या अलीकडे. घर गावात, शेत नाल्यापलीकडे, आणि मधली दीड कोसाची वाट काळ्या मातीची. पावसाळ्यात ती वाट चप्पल ठेवून घेते आणि माणूस अनवाणी पुढे पाठवते. म्हणूनच वडिलांनी फार वर्षांपूर्वी जुनी, कापडी टपाची जीप घेतली. तिची चारही चाकं फिरतात याचं त्यांना माझ्या वाशिमच्या नोकरीपेक्षा जास्त कौतुक होतं, आणि ते पाहुण्यांसमोर तसं बोलूनही दाखवत.

ही चारही चाकं फिरवण्याचं काम ट्रान्सफर केसचं. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली लोखंडी पेटी, इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी. ती जूनमध्ये, ऐन पेरणीत, नाल्याच्या चढावर फुटली. आतला गिअर कडकड वाजला, पेटीला बोटभर तडा गेला, सगळं तेल चिखलात. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने जीप ओढत घरी आणली आणि ती अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी राहिली, ती राहिलीच.

जीप उभी राहिली म्हणजे वडीलही घरात बसले. उन्हाळ्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. काठी घेऊन ते ओट्यापासून फाटकापर्यंत जात, चिखलात पाय टाकायची सोय नव्हती. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर मुळीच बसायचं नाही असं डॉक्टरने बजावलेलं. अडीच महिने त्यांनी शेत पाहिलं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना शेताची एवढी ओढ नव्हती. सोयाबीन कसं आहे हे सालदार फोनवर सांगायचा. त्यांना ओढ होती बैलाची.

जोडीतला एकच उरला होता. दुसरा तीन वर्षांपूर्वी गेला. उरलेला पांढरा, दात झिजलेला, एका डोळ्यावर पडदा आलेला, शेतातल्या गोठ्यात सालदाराजवळ राहायचा. त्याला विकायचा विषय मी एकदाच काढला होता. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता सालदार सांगायचा की तो सकाळी लवकर उठत नाही, चारा अर्धा टाकतो. चिखलातून त्याला गावात आणणं शक्य नव्हतं, पाय घसरून पडला असता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासतं तिथे, हळद कालवलेलं लोणी चोळायचं आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. वडिलांनी हे काम कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. ऑगस्टभर फोनवर त्यांचं एकच पालुपद होतं.

"पोया आला. थो पुढच्या पोयाले राह्यते का नाई, कोनं सांगावं. जीपचं पाह्य बाबू."

ट्रान्सफर केस शोधायला मंगरूळपीरच्या मिस्त्रीचाचाला दोन महिने लागले. तसल्या जीपचे भाग आता मिळत नाहीत. शेवटी कुठल्याशा भंगारात तुटलेली तशीच जीप सापडली आणि तिच्या पोटातली पेटी शाबूत निघाली. चाचाचा फोन आला.

"भेटली पेटी, बाबू. पन पोयाच्या आंदल्या दिवशीच येनं होईन मले. संध्याकायलोग चालू करून देतो. तुमी फक्त खांद्याले खांदा लावजा."

मी एक दिवसाची रजा टाकली. पोळ्याच्या दिवशी सकाळच्या बसने परत जायचं, असं घरात शिरतानाच सांगून टाकलं. गेली कित्येक वर्षं मी घरी असाच येत होतो. काम निघालं की यायचं, काम झालं की बस पकडायची. आई काहीतरी पुटपुटली. वडील फक्त "बरं" म्हणाले. ते कोणालाच राहा म्हणत नाहीत.

कडुलिंबाखाली, ओट्याला लागूनच, जीपच्या खाली शिरायला खणलेला छातीएवढा खोल खड्डा होता. पावसाने तो भरला होता. सकाळी बादल्यांनी पाणी उपसण्यातच माझा पहिला राग खर्ची पडला. मग जीप ढकलून खड्ड्यावर घेतली आणि चाचा आत उतरले. सत्तरीचा माणूस, पण खड्ड्यात उतरला की वय वर काठावर ठेवून जायचा. आधी दोन्ही शाफ्ट सोडले, मग हँडब्रेक, मग गिअरचे दांडे. पेटीचे पाच बोल्ट. चार गुमान निघाले. वरचा पाचवा हलेना. चाचांनी त्याला तेल पाजलं, ठोकलं, समजावलं, आणि शेवटी मी पान्याला पाइप लावून अशी काही शिवी हासडली की तो सुटला. आईने घरातून विचारलं, कोणाला म्हणतोस रे.

फुटकी पेटी काढणं सोपं होतं. आणलेली चढवणं हे खरं काम. चांगली अर्ध्या पोत्याच्या वजनाची. मी खड्ड्यात उभा राहून ती उजव्या खांद्यावर घेतली, मान वाकडी करून वर दाबून धरली, आणि चाचा भोकाला भोक जुळवत बसले.

"थोडा वर. नाई, लै झालं. खाली. हां, आता हालू नोको."

मी हाललो नाही. पेटीची कड खांद्यात रुतत होती. वीस मिनिटांनी बोल्ट बसले आणि मी बाहेर आलो तेव्हा सदरा खांद्यावर फाटलेला होता आणि आत सालपट निघालं होतं. मी काठावर बसून त्यावर फुंकर घालत होतो, इतक्यात वडील काठी टेकत तिसऱ्यांदा आले.

"झालं का? चार वाजून राह्यले."

"बाबा, घाई केली तर रस्त्यात पुन्हा तुटेल."

"दिवस मावळायच्या आत पोचा लागते. खांदमयनी अंधारात करत नाईत."

"एका म्हाताऱ्या बैलासाठी आम्ही दोघं सकाळपासून चिखलात लोळतोय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

हे मी बोललो. बोलायला नको होतं. वडील तिथेच उभे राहिले. त्याच वेळी खड्ड्यातून चाचांचा हात वर आला.

"बाबू, ग्रीस."

आता ग्रीस कशाला, तर पेटी चढवायला तिच्या आतला गिअर काढून ठेवला होता, आणि त्या गिअरमध्ये अर्ध्या आगकाडीएवढ्या लोखंडी सुयांची रांग बसते. सुया सुट्या असतात. त्या ग्रीसने चिकटवून ठेवल्याशिवाय गिअर जागेवर सरकत नाही, सगळ्या खाली पडतात. वडिलांच्या विहिरीच्या पंपासाठी घरात ग्रीसचा एक स्टीलचा डबा होता. तो ओट्यावर ठेवला होता. मी वडिलांकडे रागाने पाहतच मागे हात नेला, डबा उचलला आणि न पाहता खाली दिला.

"बाबू, हे तं लै नरम हाय," चाचा म्हणाले.

"आहे ते आहे, चाचा! लावा आता!"

चाचांनी ते बोटांनी लावलं. सुया चिकटल्या, गिअर बसला. उरलेलं त्यांनी शाफ्टच्या जॉइंटला थापून रिकामा डबा काठावर ठेवला. पेटीत नवं तेल भरलं. साडेपाचला जीप चालू झाली. कडुलिंबावरचे बगळे उडाले आणि वडील लहान मुलासारखे हसले. ओट्यावरचा भरलेला डबा त्यांनी पिशवीत टाकला, काठी माझ्या हातात दिली आणि पुढच्या सीटवर बसले. चाचाही मागे चढले.

"माही पेटी कशी चालते, मले पाह्यचं हाय."

नाल्यापर्यंत मी जपून चालवली. नाल्यात पाणी गुडघ्याखाली होतं, पण पलीकडचा चढ नुसता लोण्यासारखा. मी दांडा ओढून चारही चाकं जोडली. पुढची चाकं क्षणभर जागच्या जागी फिरली, चिखल टपावर उडाला, आणि मग जीपने जमीन धरली. ती हळूहळू, कण्हत, पण न थांबता वर गेली. चाचांनी मागून माझ्या पाठीत धपाटा घातला. मला एवढा आनंद झाला की दुपारचा राग कुठे गेला ते कळलं नाही.

गोठ्यात बैल बसलेला होता. सालदाराने त्याला धुऊन ठेवलं होतं. जीपचा आवाज ऐकून त्याने कान टवकारले. वडिलांना खाली वाकता येत नव्हतं. ते त्याच्यासमोर काठी टेकून उभे राहिले.

"ऊठ रे बावा. मीच आलो, तू काहून बसून राह्यला?"

बैल आधी मागचे पाय, मग पुढचे, असा उठला. वडिलांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग पिशवीतून डबा काढून झाकण उघडलं.

आत ग्रीस होतं.

घरात एकाच संचातले दोन डबे होते, हे मला तेव्हा आठवलं. एक आईने कधीतरी ग्रीससाठी देऊन टाकला होता. दुसऱ्यात तिने सकाळी लोणी काढून हळद कालवून ठेवली होती, शेतात न्यायला. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी होते. हे लोणी आता जीपच्या पोटात, सुयांना चिकटून, चार चाकं फिरवत इथवर आलं होतं. मला वाटलं, जमीन मऊ आहे, तिने मला पोटात घ्यावं. सूर्य नाल्याच्या झाडांना टेकला होता. घरी जाऊन परत येण्याएवढा वेळ नव्हता.

वडिलांनी डब्याचा वास घेतला. जीपकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

चाचांनी आपली काळी बोटं नाकाशी नेली. "म्हनूनच! मी म्हनलं, ग्रीसले हयदीचा वास काहून येऊन राह्यला? मले वाटलं, तुमच्या घरची ग्रीसच अशी असन."

वडील हसायला लागले. एवढे हसले की खुब्याला हात लावून गोठ्याच्या खांबाला टेकले. "म्हन्जे बैलाच्या आंधी जीपची खांदमयनी झाली!"

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी सालदाराला हाक मारली. त्याच्या झोपडीत गोडतेल होतं आणि भाजीपुरती हळद. वडिलांनी दोन्ही तळहातावर कालवलं.

"त्याच्या खांद्याले हात पायजे. लोनी घरी खाऊ."

त्यांनी ते चोळलं. जिथे जुवाने घट्टा पडला होता तिथे गोल गोल, दोन्ही बाजूंनी, सावकाश. बैलाने मान खाली घातली आणि डोळे मिटले. वडील त्याच्या कानाशी झुकले.

"आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

आणि मला दुपारचं माझं बोलणं आठवलं. एका म्हाताऱ्या बैलासाठी. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी लपवू शकलो नाही. मी तोंड फिरवून जीपकडे निघालो.

"थांब," वडील म्हणाले.

ते काठीशिवाय चार पावलं चालत आले. माझा फाटलेला सदरा त्यांनी बाजूला केला. त्यांच्या हातावर अजून हळदतेल होतं. पेटीने सोललेल्या जागेवर त्यांनी ते लावलं, बैलाला चोळलं होतं तसंच गोल गोल. ते चांगलंच झोंबलं. मला वाटलं, आता थट्टा करतील. पण ते हसत नव्हते.

"आज आवतन घ्या," ते मला म्हणाले. "उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी ओट्यावर बसून आईला पुरण वाटून देत होतो.