मालोजीचं पथ्य

प्रयागबाईचं नाक फार तिखट होतं. शेजारच्या घरात सुकट भाजली, की आपल्या चुलीपाशी बसल्या बसल्या तिला कळायचं ती नीट वाळली होती की कोंदट राहिली होती. असं नाक घेऊन ती पोलादपूरच्या वरच्या वाडीत मालोजीच्या घरी नांदायला आली, आणि त्या घरात संध्याकाळ झाली की मोहाच्या दारूचा वास दारातून आधी आत यायचा, माणसं मागून. सासरा तसा, दीर तसे, नवराही तसाच. पदर नाकाला लावून तिनं पोरं वाढवली, सुना आणल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, सवय झाली. झाली नव्हती.

मालोजी तसा वाईट माणूस नव्हता. भातशेती चांगली, आवाज मोठा, हात सैल. त्याचा सगळा जीव मात्र एका गोष्टीत होता. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी उठायची तेव्हा पुढचा खांदा त्याच्या घराचा असे. बापाचा होता, आज्याचा होता. पालखी नुसती न्यायची नाही, ढोलाच्या तालावर नाचवायची. आणि गावचा रिवाज असा, की मानकऱ्यानं चालत्या पालखीतून खांदा दुसऱ्याला दिला, तर तो मान त्याच्या घरी परत यायचा नाही. मालोजीच्या मागं त्या मानाला चुलतभाऊ गोमाजीचं घर होतं. गोमाजीला त्या मानाची हाव होती असं नाही. त्याला फक्त मालोजीच्या शेजारी बसून प्यायची हाव होती.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दिवाळी होऊन भाताची झोडणी चालू होती. मालोजी खळ्यावर पेंढी आपटता आपटता मध्येच खाली बसला. तोंडाला घाम, ओठ राखेसारखे. प्रयागबाई धावली. छातीवर हात ठेवला, तर आत काहीतरी पाखरासारखं फडफडत होतं. दोन ठोके धावायचे, एक गळायचा, मग चार एकमेकांवर पडायचे. तिनं त्याला गाडीत घातलं, पोलादपूरहून मोटारीनं महाडला नेलं आणि चवदार तळ्याच्या पलीकडच्या आळीत बसणाऱ्या डॉक्टरासमोर उभं केलं.

डॉक्टर तरुण होता, पण घाईचा नव्हता. त्यानं नळी लावून बराच वेळ ऐकलं, मनगट धरलं, पुन्हा ऐकलं. मग सांगितलं, की काळजाचा ताल सुटलाय. थेंबांचं औषध दिलं. आणि बाकीचं सांगताना मालोजीकडे न बघता प्रयागबाईकडे बघून बोलला. दारू बंद, तंबाखू बंद, तो काळा गुळाचा चहा बंद. खारवलेले मासे आणि लोणची ताटात नकोत. रात्री पोट फुगेस्तोवर जेवायचं नाही, दिवेलागणीच्या आत थोडं खायचं आणि वेळेवर झोपायचं. पालेभाजी, ताक, फळ, भाकरी. रोज सपाटीवर सावकाश चालायचं. मालोजीनं हे सगळं जणू दुसऱ्याचं चाललंय असं ऐकलं आणि एकच विचारलं, शिमग्याला खांदा देता येईल का.

डॉक्टर म्हणाला, "ताल बसला आणि टिकला, तर पालखीखाली सावकाश चाला. नाचायचं नाही. आणि त्या दिवशी घोटभर जरी घेतलीत, तर पालखीऐवजी लोक तुम्हालाच उचलून नेतील."

मालोजी हसला. प्रयागबाई हसली नाही.

घरी आल्यावर वाडीनं त्याला बरं करायला घेतलं. त्या भागात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही, आणि आणलेलं त्यानं खाल्लेलं बघितल्याशिवाय उठत नाही. मग काय, ओटीवर रांग लागली. कुणी बकऱ्याच्या पायांचा रस्सा आणला, वर चरबीचा पांढरा थर धरलेला. शेजारच्या बनुबाईनं ओढ्यातले मुठे खेकडे कवचासकट ठेचून त्यांचा करडा रस गाळून आणला. त्यात बारीक नांग्या तरंगत होत्या. कुणी घोरपडीचा रस्सा आणला आणि कशाचा ते आधी सांगितलंच नाही. मालोजी सगळं गिळायचा, बोटं चाटायचा, ढेकर द्यायचा, आणि आणणारा समाधानानं मांडी बदलायचा. प्रयागबाईला मागच्या पडवीत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागे. तिला शिसारी पदार्थांची कमी आणि त्या समाधानाची जास्त यायची. एका माणसाच्या आजारपणावर दहा माणसं आपली माया पोसून घेत होती.

सगळ्यांत पुढं गोमाजी. तो रोज संध्याकाळी वाटीत कच्ची अंडी फोडून, त्यात मोहाची ओतून, बोटानं फेटून आणायचा. बोटानं. त्या बोटाच्या नखात दिवसभराची माती.

"वैनी, काळीज उडतंय ते रगत पातळ झालंय म्हणून," तो समजावायचा. "घे रे मालू, गिळ. मी बघितल्याबिगर उठायचा नाय."

"तुमी उठा भावजी. पोटात ऱ्हायलं तर सांगावा धाडते."

गोमाजी उठायचा नाही. मालोजी डोळे मिटून ते बुळबुळीत एका दमात आत सोडायचा आणि मिशीला लागलेला पिवळा ओघळ हातानं पुसायचा. रात्री छातीतलं पाखरू पुन्हा सुटायचं. प्रयागबाईनं हळूहळू ताडलं, की ज्या संध्याकाळी गोमाजी शेतावर अडकतो त्या रात्री नवरा शांत झोपतो. तिनं हे मालोजीला बोलून दाखवलं, मोहाचीला शिवणार नाही अशी ग्रामदेवतेच्या नावानं शपथ मागितली. त्यानं ती घेतलीही, आणि पाळली असं तिला वाटलं. गोमाजीची वाटी परत जाऊ लागली. पाखरू मात्र जाईना.

मुंबईला गिरणीत असलेला थोरला रावजी बापाच्या काळजीनं शक्तीच्या औषधाच्या बाटल्या धाडत होता. दासगावच्या बंदरावर उतरणाऱ्या गाववाल्याबरोबर त्या यायच्या. बाटलीवर दंड फुगवलेला पैलवान, आत काळपट लाल पाणी. सांगावा असे, जेवणावर एक चमचा. मालोजी स्वतःच्या हातानं घ्यायचा, माजघरातल्या कोनाड्यापाशी, पाठ करून. बाटल्या फार लवकर संपतात हे प्रयागबाईच्या ध्यानात यायला वेळ लागला, कारण वर दालचिनीचा आणि गुळाचा दाट वास होता. एके सकाळी तिनं नवी बाटली उघडून नाक नेलं. दालचिनीच्या खाली, गुळाच्या खाली तेच. लग्न झाल्यापासून ओळखीचं.

तिनं बाटली उकिरड्याच्या कडेला टाकलेल्या कोंड्यावर ओतली. दुपारपर्यंत कोंबडा तो कोंडा टिपून शेपटीवर बसला होता. आरवायला मान उंचावली आणि मागच्या मागं कलंडला. बनुबाई पोट धरून हसली. प्रयागबाईनं त्या कोंबड्याचे अर्धे मिटलेले डोळे, लोंबलेली चोच बघितली आणि आत जाऊन नवऱ्याला बाहेर आणलं.

"दारू कुठं हाय ती? औषध हाय," मालोजी म्हणाला. "बाटलीवर पैलवान हाय. दारूच्या बाटलीवर पैलवान असतो का कुठं?"

"मग त्या कोंबड्याला इचारा."

मालोजी कोंबड्याकडे बघत राहिला. मग ओटीवर जाऊन बसला. शपथ मोडली असं त्याच्या मते झालंच नव्हतं. शपथ मोहाची होती. प्रयागबाईला पहिल्यांदा कळलं, की दारूच्या वासापेक्षा ही अशी हुशारी तिला जास्त घाण वाटते.

त्या दिवसापासून तिनं घर हातात घेतलं. भेटायला येणाऱ्यांना ओटीवरून परत धाडायला लागली. वाडीत बोभाटा झाला, की प्रयागबाई नवऱ्याला उपाशी मारते. बाटल्या नकोत म्हणून रावजीला निरोप गेला. सूर्य डोंगराआड जायच्या आत नाचणीची भाकरी, अळणीसं कुळथाचं कळण, मुळ्याचा पाला नाही तर माठ, वाटीभर ताक. दुपारी परसातलं केळं. डॉक्टराचे थेंब ती स्वतः मोजून द्यायची. मालोजी ताट बघून म्हणायचा, "हे बैलाला टाक, मला पेंड आण." आणि खायचा.

तंबाखूवर मात्र तो अडला. म्हणाला, तू आधी मिसरी सोड. जगातले सगळे वास जिच्या नाकाला झोंबत, तिला आपल्या बोटाच्या, आपल्या काळ्या हिरड्यांच्या मिसरीचा वास कधी आलाच नव्हता. तिनं डबी चुलीत घातली. पुढचे कैक दिवस डोकं ठणकायचं, सकाळी पोट साफ होईना, सुनेवर उगाच खेकसायची. ज्या तोंडानं इतकी वर्षं नवऱ्याला नाकं मुरडली, त्या तोंडात बोट घालून ती हुंगायची आणि तिला ओकारी यायची. मालोजीनंही मग चंची टाकली. रोज सकाळी तो काठी टेकत नदीच्या उतारापर्यंत जाऊन यायचा. वाडी हसायची, गुरं नसताना गुराख्यासारखा हिंडतो म्हणून.

पौष गेला, माघ गेला. पाखरू महिन्यातून एखादं वेळी फडफडायचं आणि बसायचं. महाडच्या डॉक्टरानं ऐकून मान हलवली, म्हणाला, गेलंय असं समजू नका, निजलंय. पालखीखाली चाला, पण पहिलं सांगितलेलं विसरू नका. परत येताना मोटारीत मालोजी लहान पोरासारखा बाहेर बघत होता. प्रयागबाईला वाटलं, चला, एवढं तरी मिळू दे त्याला.

शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठते तेव्हा बायका घरी असतात. पालखी दारी आली, की घरधनीण खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते, ओटी भरते, ओवाळते. तिनं ओवाळल्याशिवाय पालखी त्या अंगणातून हलत नाही. प्रयागबाईनं अंगण सारवलं होतं, ताट सजवलं होतं. ढोल जवळ आला. पुढं मालोजी होता, आणि तो चालत नव्हता, नाचत होता. दांडा खांद्यावर उसळत होता, पागोटं मानेवर घसरलं होतं, लोक ओरडत होते. तो तिच्याकडे बघून हसला, आणि त्या हसण्यात इतकं सुख होतं की ती क्षणभर तांब्या धरून उभीच राहिली.

मग पायांवर पाणी घालायला ती वाकली, आणि उठताना वास आला. मोहाची. आणि ती झाकायला दाढेखाली धरलेली लवंग. मेलेल्या उंदराचा वास तिला त्याहून बरा वाटला असता. उंदीर निदान लवंग खात नाही. दारू गोमाजीनं पाजली असेल, पण लवंग नवऱ्यानं स्वतः, सकाळी तिला उघडा दिसलेल्या तिच्याच डब्यातून, कमरेला लावून नेली होती. म्हणजे तेव्हाच ठरलं होतं. तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. गळ्याची शीर वेड्यासारखी उडत होती, ओठ राखेचे होते.

तिनं ओवाळणीचं ताट मांडीवर घेतलं आणि पायरीवर बसली.

गुरव हैबती म्हणाला, "वैनी, ओवाळा. अजून सगळी वाडी हाय."

"यांच्या खांद्यावर हाय तवर नाय ओवाळायची."

ढोल थांबला. कुणी हसलं, मग तेही थांबलं. हैबतीनं समजूत घातली, म्हाताऱ्यांनी दटावलं, कुणी देवीचा कोप सांगितला. ती ताट धरून बसून राहिली. पालखी नाचवताना जड होत नाही; उभ्या जागी होते. मालोजीचा खांदा दांड्याखाली खचू लागला.

"प्रयागे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "गावात तोंड दाखवायला जागा ठेव गो."

"तोंड नका दाखवू. वास येतो त्याचा."

गोमाजी मागच्या दांड्याला होता, तो पुढं आला, पण हात लावेना. रडवेला होऊन म्हणाला, "वैनी, असा नगो मला हा खांदा."

"घ्या भावजी. तुमी पाजलीत, तुमीच उचला."

गोमाजीनं खांदा लावला. मालोजी दांड्याखालून निघाला, ओटीवर चढला आणि भिंतीला टेकून खाली घसरला. प्रयागबाईनं सुनेला थेंबांची बाटली आणायला धाडलं, आणि मग उठून पालखीची ओटी भरली, ओवाळलं, काही चुकू दिलं नाही. पालखी गेली. मान तिच्याबरोबर गेला. सबंध शिमगाभर मालोजी अंथरुणात होता. उठला तेव्हा निम्मा झाला होता, पण उठला.

तो तिच्याशी पावसाळ्यापर्यंत बोलला नाही. कळण समोर आलं की भिंतीकडे तोंड करून जेवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, बायकोनं घराचा मान बुडवला. तिला ते चुलीपाशी ऐकू यायचं. तिला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण लवंगेची किळस त्याहून मोठी होती, आणि ती तिनं कधी लपवलीही नाही. पुढं चार माणसांत बोलताना गाव तिला खाष्ट म्हणायचं. म्हणू दे, म्हणायची. दारूला मात्र तो पुन्हा शिवला नाही. तिच्या धाकानं की लाजेनं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुढची दोन वर्षं पालखी दारी आली की तो परसात जाऊन बसायचा. तिसऱ्या वर्षी ढोल अंगणात शिरला तेव्हा प्रयागबाई ताट घेऊन बाहेर आली, तर पाण्याचा तांब्या जागेवर नव्हता. मालोजी तो घेऊन गोमाजीसमोर वाकला होता. गोमाजीनं संकोचून पाय मागं घेतला.

"ठेव रे पाय," मालोजी म्हणाला. "उभ्यानं जड होते ती."