हद्दूची शीळ

अझरू गावाच्या वर, जिथे देवदारांचं जंगल दाट होतं, तिथे रस्त्याला एक मोठं वळण आहे. त्या वळणावर गाडी थांबली की पहिला आवाज माकडांचा येत नसे, हद्दूचा येई.

"शेंगा आत! पाव आत! पोराच्या हातातलं बिस्किट आत! नाहीतर पोरालाच आत ठेवा!"

अंगात तपकिरी लोकरीचा पायघोळ जेलाबा, पाठीवर त्याचं लांबट टोपडं लोंबतंय, हातात काठी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू, असा हा वाटाड्या. पाहुणे आधी बिचकत, मग हसत आणि शेवटी त्याच्या मागे मुकाट्याने चालू लागत.

त्या पंचक्रोशीत वाटाडे पुष्कळ होते. बहुतेकांना माकड म्हणजे चार पाहुणे गोळा करण्याचं निमित्त. हद्दूचा मात्र त्या बिनशेपटीच्या माकडांत खरोखरच जीव अडकला होता. मेंढपाळ म्हणत, ही अवलाद देवदारांची साल सोलते, झाडं वाळवते, हाकलून द्या. हद्दू जमातीच्या बैठकीत उभा राहून भांडे. "तहानेनं सोलतात रे! झऱ्यांना कुंपणं कुणी घातली? माकडांनी?" एकदा माकडांसाठी कुणी लावलेले फासे शोधत तो दिवसभर बर्फात फिरला आणि तापाने फणफणून घरी आला. त्याची बायको इत्तो त्याच्या छातीला तेल चोळता चोळता म्हणाली, "माझ्या बाळंतपणाला एवढा पळाला नव्हतास."

"तुला आई होती," हद्दू म्हणाला. "त्यांना कोण आहे?"

असा माणूस. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि हे त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. तिथेच घोटाळा झाला.

वळणावर रक्किया नावाची एक विधवा भाजलेल्या शेंगांच्या पुड्या विकत असे. पाहुणे त्या घेत आणि माकडांपुढे टाकत. हद्दूने तो प्रश्न बैठकीत नेला. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "जो माकडाला खायला घालतो तो त्याचा गळा कापतो. आज तुझ्या हातून खाईल, उद्या चोराच्या हातून खाईल." बोलणं शंभर टक्के खरं होतं. रक्कियाची शेगडी उचलली गेली. मग ती तिथेच दगडावर बसून लोकरी पायमोजे विणू लागली, विकू लागली. हद्दूचा सलाम ती घेत असे, पण सुया न थांबवता.

आणि हा हद्दू स्वतः काय करत होता? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्या डोंगरात प्रत्येक घराची शेळ्यांना बोलवायची हाक वेगळी. कुणाची आरोळी, कुणाची टाळी, कुणाची जिभेची टकटक. दुसऱ्या घराची हाक कुणी घालत नाही. ते दुसऱ्याच्या भांड्यात हात घालण्यासारखं समजतात. हद्दूच्या घराची हाक म्हणजे त्याच्या बापाची शीळ. सुरुवातीला लांबलचक, शेवटी झोका घेऊन वर जाणारी. ती ऐकली की शेळ्या चरता चरता मान वर करत.

एका थंडीत एक आजारी बाई माकडं बघायला आली होती. नीट चालवत नव्हतं तिला. दिवसभर एकही माकड दिसेना. बाई गाडीकडे परत वळली तेव्हा हद्दूला राहवलं नाही. जवळच एक म्हातारी होत चाललेली माकडीण वावरत असे, ओठावर जुनी चीर असलेली. तो तिला लल्ला म्हणे, म्हणजे बाईसाहेब. त्याने शीळ घातली आणि टोपड्यातलं सुकं अंजीर खाली टाकलं. लल्ला आली. बाई रडली, तिने हद्दूच्या हाताला डोळे लावले. तो दिवस चांगला होता, यात शंका नाही.

पण मग तसेच दिवस येत राहिले. कुणी लांबून आलेलं असे, कुणाला परत जायची घाई असे. हद्दू शीळ घाली, मान खाजवल्यासारखं करून पाठीवरच्या टोपड्यात हात घाली आणि अंजीर मागच्या मागे सोडून देई. पाहुण्यांना दिसे ते एवढंच, की या माणसाची हाक ऐकून रानातलं जनावर येतं. "हद्दूला माकडं ओळखतात," असं लोक सांगू लागले. हे ऐकायला त्याला फार गोड लागे. इत्तो टोपडं धुवायला काढी तेव्हा त्यात अंजिराच्या बिया निघत. ती त्या अंगणात झटकून टाकी.

झाडांना पालवी फुटायचे दिवस होते. लल्लाला त्या वर्षी पिल्लू झालं होतं, काळंभोर, मुठीएवढं तोंड असलेलं. शुक्रवार होता. नमाज आटोपून हद्दू घरी आला, इत्तोने वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची परात मध्ये ठेवली, त्यावर गाजरं, चणे आणि मटणाचा एक तुकडा. हद्दूने पहिला घास वळला आणि वरच्या जंगलातून शीळ आली.

लांबलचक, शेवटी झोका घेऊन वर गेलेली.

गोठ्यातल्या शेळ्या ओरडल्या. इत्तोचा हात परातीवर थांबला. "तू इथे आहेस," ती म्हणाली. "मग वर कोण आहे?"

हद्दूचा घास हातातच राहिला. ती शीळ जगात आणखी एकाच माणसाला येत होती आणि ती त्यानेच शिकवली होती. मुलीच्या, तूदाच्या, लग्नात त्याने जावयाला, बेनासरला, शेळ्या दिल्या. शेळ्या नव्या घरी ऐकेनात, म्हणून त्याने बेनासरला अंगणात बसवून शीळ शिकवली होती, गालाला बोट लावून लावून. आणि बेनासरच्या शेळ्या या मोसमात जंगलात नव्हत्या. त्या खाली कुरणात होत्या.

तो तसाच उठला. जंगलात जाऊन उपयोग नव्हता, वर पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. तो सरळ मुलीच्या घरी गेला आणि दारात बसून राहिला. तूदाने चहा आणला. तो प्यायला नाही.

"बा, काय झालं?"

"तुझा नवरा येऊ दे."

बेनासर आला तो मागच्या वाटेने. सासऱ्याला पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याच्या हातात झाकणाची टोपली होती आणि टोपलीतून बारीक रडणं ऐकू येत होतं.

"उघड," हद्दू म्हणाला.

"दद्दा, ऐकून तर घ्या..."

"उघड म्हणतो ना, हरामखोरा! माझ्या बापाच्या तोंडची शीळ घालून तू चोरी करतोस? कुणाला विकणार होतास? शहरातल्या चौकात साखळीला बांधून फोटो काढणाऱ्यांना?"

बेनासरने टोपली खाली ठेवली. मग एकदम त्याचाही पारा चढला. "हो, त्यांनाच! घरात मूल येतंय, छप्पर गळतंय. आणि चोरी कसली? मी जाळं लावलं नाही, फासा लावला नाही. शीळ घातली, अंजीर टाकलं. ती आपल्या पायांनी आली, माझ्या मांडीला खेटून बसली. तुम्हीच सवय लावलीत ना? तुम्ही तिला बोलावता आणि लोकांकडून वाहवा घेता. मी बोलावलं तर चोर?"

तूदा बापाकडे पाहत होती. तो काहीतरी बोलेल, जावयाच्या थोबाडीत देईल, असं तिला वाटत असावं. हद्दूची नजर टोपलीवर होती. बैठकीत रक्कियाला त्याने जे ऐकवलं होतं, ते शब्दच्या शब्द त्याच्या कानात वाजत होते. आज तुझ्या हातून, उद्या चोराच्या हातून.

"जा, वनरक्षकाला सांगा," बेनासर हळूच म्हणाला. "तोही विचारेलच, शीळ कुणाची म्हणून."

हद्दूने टोपली उघडली. पिल्लू तळाशी चिकटून बसलं होतं. त्याने ते उचललं तसं ते त्याच्या गळ्याला बिलगलं आणि खाली सरकत सरकत पाठीवरच्या टोपड्यात शिरलं. तिथे त्याला अंजिराचा वास आला असावा. ते चोखायला लागलं. सबंध वाटभर तो बारीक चुटुचुटु आवाज हद्दूच्या मानेमागे होत राहिला आणि त्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

शीळ घालावी लागलीच नाही. लल्ला वळणाजवळ नेहमीच्या जागीच होती, येरझारा घालत होती. हद्दूने पिल्लू पानांवर ठेवलं आणि तो मागे सरला. तिने झडप घातली, पिल्लू पोटाशी धरलं, उलटंपालटं करून हुंगलं. हद्दू रडत होता. मग लल्लाने त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखा हात पुढे केला. अंजिरासाठी.

चोरी होऊनही लल्लाला काहीच कळलं नव्हतं. तिच्या लेखी शीळ म्हणजे अजूनही खाऊ.

घरी आल्यावर त्याने इत्तोला सगळं सांगितलं. ती निवडत असलेली मसूर तिने बाजूला सारली. "बेनासर आज गप्प बसेल," ती म्हणाली. "उद्या? अन् त्याच्याकडून आणखी कुणी शिकेल. शीळ काही तुला परत घेता येत नाही. तिच्या कानातून काढ."

"ती कशी काढू?"

"शेळी दुसऱ्याच्या शेतात शिरली की कशी काढतोस?"

सकाळी वळणावर मेक्नेस शहरातून आलेलं एक कुटुंब उभं होतं. मुलगा, सून आणि जाड भिंगांचा चष्मा लावलेली आजीबाई. रक्किया तिच्या दगडावर विणत बसली होती. हद्दू आला, पण शेंगा आत, पाव आत, असं काही ओरडला नाही. पाहुण्यांना तो झाडांपाशी घेऊन गेला, खिशातले दगड चाचपले आणि शीळ घातली.

फांद्या हलल्या. लल्ला उतरली, पिल्लू पाठीवर. "माशाल्लाह, माशाल्लाह!" आजीबाई टाळ्या वाजवू लागल्या.

हद्दूने दगड फेकला. हात आपोआप हळू पडला. दगड लल्लाच्या पुढ्यात पडला. ती पुढे आली, तिने तो उचलला, हुंगला आणि तोंडात घालून पाहिला. त्या हातातून आजवर खायचंच पडलं होतं.

हद्दूला वाटलं, आपल्याच्याने हे होणार नाही. मग तिने दगड टाकला आणि पुन्हा हात पुढे केला, तेव्हा त्याने दुसरा दगड नेम धरून मारला. तो तिच्या खांद्याला लागला. ती किंचाळली. त्याने परत शीळ घातली आणि परत मारला, काठी आपटली, धावून गेला, मेंढपाळ देतात तसल्या सगळ्या शिव्या दिल्या. लल्ला पिल्लाला पोटाशी ओढून झाडावर चढली आणि वरून त्याच्याकडे बघत राहिली.

"अरे, अल्लाला भी!" आजीबाई ओरडल्या. "लेकुरवाळी आहे ती! असला कसला वाटाड्या तू?"

"लेकुरवाळी आहे म्हणूनच, अम्मा," हद्दू म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मीच तिला खायला घालत होतो. इतके दिवस. शीळ घालून, या टोपड्यातून, चोरून. सगळ्यांना नको म्हणून सांगायचो आणि मी घालायचो. काल तिचं पिल्लू गेलं होतं, ते माझ्यामुळे."

मागे रक्कियाच्या सुया थांबल्या होत्या. हद्दूने वळून तिच्याकडे पाहिलं. ती उठली, लोकर गोळा केली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एका बाईच्या पोटावर पाय दिलास, हद्दू," ती म्हणाली, "आणि दुसरीला चोरून भरवत होतास."

हद्दूने मान खाली घातली. मग झाडांकडे वळून त्याने शेवटची एकदा शीळ घातली. खाली गावातून त्याच्या शेळ्यांनी ओ दिली. झाडांत मात्र काहीसुद्धा हललं नाही.

त्यानंतर ती शीळ त्या डोंगरात कुणी ऐकली नाही. शेळ्या पांगल्या की हद्दू काठी टेकत त्यांच्यामागे चालत जातो, आणि माकडं दिसली नाहीत तर पाहुण्यांना तसं स्पष्ट सांगतो. पण त्या सकाळी वळणावरून निघताना लोकांची नजर टाळायला त्याने टोपडं डोक्यावर ओढून घेतलं, तेव्हा आतला अंजिराचा सगळा चुरा त्याच्या केसांवर आणि तोंडावर पडला.