क्लचताईंच्या गाडीचं मीटर

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकायला येणारे तिला क्लचताई म्हणतात, कारण पहिले काही दिवस ती दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नाही. "क्लच हळू सोड. पायाखाली मांजर झोपलंय असं समज." तिचा क्लास म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, दोन खुर्च्या आणि बाहेर उभी असलेली गाडी.

मावशीला जन्मजात एक खोड आहे. तिला सगळं जाणून घ्यायचं असतं. शिकायला आलेल्या माणसाला चावी फिरवायच्या आधी पाच प्रश्न. आत्ताच का शिकायचंय, आधी कोण चालवायचं, घरी भीती कोण घालतं. माझे काका बेकरीत भट्टीवर कामाला आहेत, मोजकं बोलणारे. ते म्हणायचे, हिला गप्पा नकोत, चौकशा हव्यात. पुढे मावशीचीच चौकशी सुरू झाली तेव्हा हा विनोद त्यांनी पुन्हा केला नाही.

झालं असं, की मावशीने आधीची खटारा गाडी काढून एका दलालाकडून दुसरी घेतली. तीही वापरलेलीच, पण दिसायला चकचकीत, मीटरवर किलोमीटर कमी, आणि कंपनीची वॉरंटी अजून शिल्लक. शिकवणाऱ्याच्या बाजूचे जादा पेडल तिने कंपनीच्या परवानगीनेच बसवून घेतले. वर्षभर गाडी छान चालली. मग एका सकाळी चढावर तिसरा गिअर पडेना. जोर केला तर आतून दळण दळल्यासारखा आवाज. गाडी ढकलत बाजूला घेतली आणि कंपनीच्या वर्कशॉपला कळवलं.

वॉरंटीतून गिअरबॉक्स बदलून मागायचा अर्ज तिने गाडी तिथे ओढून नेल्यावर वर्कशॉपमध्येच भरला. मीटरवरचा आकडा पाहून लिहिला, खाली सही केली. वर्कशॉपच्या माणसाने गाडीला आपला कॉम्प्युटर जोडला आणि आकडे पुन्हा एकदा तपासले. गाडी किती चालली हे फक्त मीटरला माहीत असतं असं मावशीला वाटत होतं. पण गिअरबॉक्सचा म्हणून एक वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो आणि तोही आपला हिशेब ठेवतो. मीटर म्हणत होतं, गाडी अजून वॉरंटीच्या मर्यादेत आहे. आतला कॉम्प्युटर म्हणत होता, मर्यादा कधीच ओलांडली, जवळजवळ दुप्पट चाललीय.

कंपनीने सरळ पोलिसांत तक्रार दिली. मीटर मागे फिरवून, खोटा अर्ज करून वॉरंटी उकळण्याचा प्रयत्न. गाडी जप्त झाली. मावशीला ठाण्यात बोलावून दुपारभर बसवून ठेवलं. काकांनी भट्टी दुसऱ्याच्या हवाली केली आणि ते अंगावर पीठ तसंच घेऊन तिथे जाऊन बसले.

मावशी घरी आली तेव्हा मी तिथेच होते. ती रडेल, चिडेल, असं वाटलं होतं. तिने हातपाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाली, "पण फिरवलं कुणी?"

वकीलबाई आमच्या ओळखीतल्याच होत्या, पन्नाशीच्या, कायम कुठल्यातरी खिशात चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी आधी वाईट बाजू सांगितली. फसवणूक सिद्ध झाली तर कैद होऊ शकते, दंड होतो, तपासणीचा खर्चही अंगावर पडतो. शिवाय असा गुन्हा नावावर लागला की क्लासचा परवाना गेलाच म्हणून समजा. काका हे ऐकताना टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

मग त्या दुसऱ्या बाजूकडे वळल्या. अर्जातला आकडा चुकीचा होता, हे काही नाकारता येणार नाही. पण नुसता आकडा चुकला म्हणून गुन्हा होत नाही. तो चुकीचा आहे हे माहीत असून, फसवायच्या इराद्याने लिहिला, हे समोरच्याने सिद्ध करायचं असतं. आपण निर्दोष आहोत हे मावशीने सिद्ध करायचं नव्हतं. हे मावशीला फार आवडलं. तिने खोदून खोदून विचारलं, की माणसाच्या मनात काय होतं हे कोर्टाला कसं कळतं? वकीलबाई म्हणाल्या, कळत नाही. त्याच्या वागण्यावरून ताडायचं. फायदा कुणाचा होता, संधी कुणाला होती, नंतर कोण काय लपवत होतं.

तेवढ्यात कंपनीकडून तडजोडीचा निरोप आला. चूक लेखी कबूल करा, अर्ज मागे घ्या, आम्ही तक्रार पुढे नेणार नाही. काकांच्या जिवात जीव आला. ते म्हणाले, करून टाक सही, डोक्याचा ताप जाईल. वकीलबाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या. सही केली तर कैदेची भीती टळेल बहुतेक, पण कबुली कागदावर राहील आणि परवान्याच्या वेळी कोणीतरी ती पुढे करील.

मावशी म्हणाली, "अहो, मी सही केली तर ते कुणी केलं हे कधीच कळणार नाही."

काकांनी कपाळाला हात लावला. परवान्यापेक्षा तिला त्याचीच रुखरुख जास्त होती, हे त्यांना आणि मला दोघांनाही स्पष्ट दिसत होतं.

दलालाने हात वर केले. गाडी जशी आली तशी विकली, म्हणाला. नोंदणीवरून आधीची मालकीण सापडली, ती गुरांची डॉक्टर होती आणि बदली होऊन दूरच्या गावी गेली होती. मावशी लगेच निघायला तयार. वकीलबाईंनी तिला अडवलं. आरोपीने साक्षीदाराला गाठून बोलणं म्हणजे आपणहून संशय ओढवून घेणं. बोलायचं ते वकीलच बोलतील. अडचण एवढीच, की वकीलबाईंना गाडी चालवता येत नव्हती. शेवटी बेकरीची पाववाली गाडी मागून घेतली, मावशीने चालवली, मागे मी रिकाम्या ट्रेमध्ये कोंबून बसले.

डॉक्टरणीचा दवाखाना गोठ्याला लागून होता. वकीलबाई आत गेल्या आणि आम्ही बाहेर, रस्त्याच्या पलीकडे. मावशीची अवस्था पाहण्यासारखी होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या उंबऱ्यात उभं राहून प्रश्न विचारणारी बाई, आज तिच्याच प्रश्नाचं उत्तर भिंतीपलीकडे कुणीतरी देत होतं आणि तिला जागचं हलायची मुभा नव्हती. तिने दोनदा आरसा नीट केला, मग खाली उतरून टायरला लाथा मारून पाहिल्या.

वकीलबाई बाहेर आल्या, गाडीत बसल्या, दार लावलं.

"बकरी," त्या म्हणाल्या.

गाडी डॉक्टरणीकडे होती तेव्हा तिने एक आजारी बकरी भूल देऊन मागच्या सीटवर घातली होती. भूल मध्येच उतरली. बकरी उठली, दोन सीटच्या मधून पुढे झेपावली आणि तिची लाथ थेट मीटरच्या काचेवर बसली. काच, काटे, सगळ्याचा चुरा. डॉक्टरणीने गाडी कंपनीच्याच वर्कशॉपला नेली. त्यांनी अख्खा मीटरचा डबा बदलून नवा बसवला आणि नव्या डब्यावर आकडा सुरू झाला शून्यापासून. जुना आकडा त्यात भरायचा असतो. तो कुणी भरला नाही, की कामाची नोंदही ठेवली नाही. गाडी विकताना हे सगळं दलालाला तोंडी सांगितलं, असं डॉक्टरण म्हणाली. मागच्या काचेवर ओरखडे होते ते बकरीच्या शिंगांचेच, हेही सांगायला ती विसरली नाही.

परत येताना मावशी इतकी हसली, की तिने गाडी बाजूला घेऊन थांबवली. मग हसू थांबलं. ती वकीलबाईंना म्हणाली, की एक गोष्ट सांगायची राहिलीय. गाडी घेतली त्याच दिवशी तिला क्लचच्या पेडलचं रबर दिसलं होतं. एवढ्या कमी चाललेल्या गाडीचं रबर इतकं झिजत नाही. हे तिच्या लगेच लक्षात आलं होतं.

"मग विचारलं का नाही?" वकीलबाईंनी विचारलं.

"गाडी आवडली होती हो," मावशी म्हणाली.

वकीलबाईंनी खिशातून चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, कोर्टात आरोपीने बोललंच पाहिजे असं नाही. गप्प राहिलात तरी ते तुमच्या विरुद्ध धरता येत नाही.

खटला उभा राहिला त्या खोलीत पंख्याचा आवाज साक्षीदारांपेक्षा मोठा होता. कंपनीचा इंजिनिअर तरुण, नीट तयारी करून आलेला. त्याने दोन आकड्यांतला फरक सांगितला. वकीलबाईंनी त्याला विचारलं, की मीटरचा डबा बदलला आणि जुना आकडा भरला नाही, तर असाच फरक पडेल का? तो म्हणाला, पडेल. मग मुद्दाम फिरवलेलं आणि बदललेलं, हे वेगळं कसं ओळखायचं? त्याने आढेवेढे न घेता सांगितलं, की डबा काढून मागे बघावं लागेल. तो केव्हा बनला हे तिथे छापलेलं असतं. आम्ही ते बघितलेलं नाही.

न्यायाधीशांनाही आता उत्सुकता लागली असावी. त्यांनी पुढच्या तारखेला डबा काढून आणायला सांगितलं. तो टेबलावर उपडा ठेवला तेव्हा सरकारी वकील, इंजिनिअर, शिरस्तेदार, सगळे वाकून बघत होते. मावशी जागेवरूनच टाचा उंचावत होती. डबा गाडीपेक्षा बऱ्याच नंतर बनलेला निघाला. डॉक्टरणीने बकरीची साक्ष दिली तेव्हा मागे कुणीतरी खुसखुसलं, पण तिने अंदाजाने सांगितलेला जुना आकडा मीटरवरच्या आकड्यात मिळवला की आतल्या कॉम्प्युटरच्या अगदी जवळ जात होता. दलालाने मात्र मला बकरीबिकरीचं कुणी बोललंच नाही, असा हेका धरला. त्या दोघांत खरं कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

मावशीला गप्प बसता आलं असतं. ती उभी राहिली. सरकारी वकिलांनी नेमकं विचारलं, दिवसभर लोकांच्या पायांकडे बघणाऱ्या बाईला झिजलेलं पेडल दिसलं नाही का?

"दिसलं," मावशी म्हणाली. "रबर झिजलेलं होतं. मनात आलं, आधीच्या मालकाचा पाय जड असेल. विचारायला हवं होतं. मी सगळ्यांना सगळं विचारते, तेवढं एक विचारलं नाही. पण मीटर खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, आणि अर्जात मी दिसला तोच आकडा लिहिला."

काकांनी डोळे मिटून घेतले होते.

निकालात न्यायाधीशांनी पेडलचा उल्लेख केला. शंका येणं आणि माहीत असणं यात फरक आहे, आणि फसवण्याचा इरादा सिद्ध झालेला नाही, म्हणून निर्दोष. वर हेही सुनावलं, की बाईंनी तेव्हाच दोन शब्द विचारले असते तर इतक्या लोकांचा वेळ वाचला असता. मावशीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

गिअरबॉक्स मात्र मिळाला नाही. गाडी खरोखरच मर्यादेपेक्षा जास्त चालली होती, त्यामुळे वॉरंटी संपलेलीच होती, मग मीटर कुणामुळेही चुकलेलं असो. वकीलबाईंनी दलालावर आणि वर्कशॉपवर ग्राहक म्हणून वेगळा दावा लावला. त्यात दोघांनी मिळून अर्धा खर्च दिला, चूक कबूल न करता. उरलेला काकांनी जादा पाळ्या करून फेडला. क्लासला येणारे त्या काळात निम्म्यावर आले होते. निकालाची बातमी आरोपाच्या बातमीइतक्या वेगाने पसरत नाही. काही जण अजूनही चौकशी करतात, की ते मीटरचं प्रकरण काय झालं. मावशीला असे लोक आवडतात. ती त्यांना बसवून घेते आणि बकरीपासून सुरुवात करते.

त्या गाडीचा खरा आकडा तिने एका पट्टीवर लिहून मीटरखाली चिकटवला. दर महिन्याला पट्टी बदलते. मागच्या आठवड्यात वकीलबाई शिकायला आल्या. पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी बंद पाडली, आणि मावशी त्यांना विचारत होती, की इतकी वर्षं का नाही शिकलात, घरी कोण भीती घालत होतं.